शेहेचाळीस ट्रॅक्टरांचं गाव

लटारू पोटावीला मोजायला काहीही द्या, तो मोजून देणार. तेंदूच्या हंगामात फळीवर, म्हणजे गावाबाहेर जिथे पानांचे पुडके सुकायला मांडतात तिथे, मोजणीला तोच असायचा. सत्तर पानांच्या पुडक्यात कोणी अडुसष्टच बांधली असतील तर पुडकं न सोडता, नुसतं हातात तोलून तो ओळखायचा आणि बांधणाऱ्याकडे असा बघायचा की तो गडी मुकाट्याने दोन पानं आणून द्यायचा. गुरांना लस टोचायला डॉक्टर आले, जनगणनेचे मास्तर आले, पोरांना थेंब पाजायला बाया आल्या, तर आधी लटारूच्या अंगणात खाट पडायची. सातापर्यंत तो गोंडीत मोजायचा आणि आठापासून मराठीत, कारण गोंडीतले सातापुढचे आकडे त्याच्या आज्याच्या काळातच लोक विसरून गेले होते.

माणूस सरळ होता, पण तिखट. एका उन्हाळ्यात पाणवठ्यावरची जनावरं मोजायला नागपूरचा एक हौशी पाहुणा त्याच्यासोबत मचाणावर होता. सकाळी कागद भरताना पाहुणा म्हणाला, एक अस्वल लिहा, झुडपात काही हलल्यासारखं वाटलं मला. लटारूने त्याच्या हातून पेन काढून घेतला आणि सांगितलं, वाटलं ते घरी जाऊन लिहा, इथी दिसलं ते लिहतात. ही गोष्ट पुढे चार गावांत फिरली, आणि लटारूलाही ती लोकांच्या तोंडून ऐकायला आवडायची. का आवडू नये? ना त्याच्यापाशी फार शेती होती ना शिक्षण. आपली मोजणी आजवर कोणी खोटी पाडली नाही, एवढीच त्याची कमाई होती. माणसाला कशाचा तरी ताठा लागतोच.

त्याचं गाव इरुकमेटा. गडचिरोलीच्या आतल्या जंगलात, शेहेचाळीस घरांचं. सरकारी दवाखाना बावीस किलोमीटरवर आणि मधे एक नाला, ज्याच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, पावसाळ्यात पाणी वाहतं. तालुक्याचं गाव त्याच्याही पुढे. एसटी यायची ती नऊ किलोमीटरवरच्या फाट्यापर्यंत, आणि तीही तिच्या मर्जीने.

घरात लटारू, त्याची बायको सुकरी आणि लेक स्वाती. स्वाती सव्वीस वर्षांची. तिचं लग्न माजरीकडे झालं होतं, नवरा कोळशाच्या खाणीवर ठेक्यात डंपर चालवायचा. लग्नाला दोन वर्षं झाली, पहिलं पोट टिकलं नाही, तेव्हा रक्त तपासलं आणि सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार निघाला. नवऱ्याच्या आईने त्याच आठवड्यात तिची पेटी बांधून दिली. स्वाती घरी आली ती आलीच. हिवाळा-पावसाळा आला की तिची हाडं आतून ठणकायची, डोळे पिवळे व्हायचे, आणि दुखणं अनावर झालं की ती पदराचा बोळा दातात धरून भिंतीकडे तोंड करून पडायची. आईबापाला आवाज जाऊ नये म्हणून.

तिचा जीव एका गाडीवर चालला होता. दर गुरुवारी गावात दवाखान्याची गाडी यायची. तिच्यात डॉक्टरीणबाई, नर्स, औषधांची पेटी. नर्स स्वातीचं रक्त बघायची, गोळ्या द्यायची, आणि जास्त झालं तर गाडीतच निजवून मोठ्या दवाखान्यात न्यायची. मागच्या वर्षात दोनदा त्या गाडीने स्वातीला मरणाच्या दारातून परत आणलं होतं. सुकरी त्या गाडीला घरातल्या माणसासारखी मानायची. गुरुवारी सकाळीच ती रस्त्याकडे डोळे लावून बसायची.

आता ट्रॅक्टरचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इरुकमेट्याच्या ग्रामसभेने बांबू आणि तेंदू स्वतः विकून एक लाल ट्रॅक्टर आणला होता. तसाच एक टीव्ही गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, बसवला होता, आणि धान कांडायचं एक मशीनही घेतलं होतं. या गावाची जुनी रीत अशी की, जे गावाचं ते प्रत्येकाने ‘माझं’ म्हणायचं. तळं कोणाचं? माझं. देवराई कोणाची? माझी. ‘ते गावाचं आहे, माझं नाही’ असं कोणी बोललं तर तो गावातून एक पाय बाहेर काढतोय असं धरायचे, आणि त्याच्याकडून दंडाचा कोंबडा घ्यायचे. ट्रॅक्टर आला त्या दिवशी शेहेचाळीस घरांतल्या म्हाताऱ्यांनी एकेक करून बॉनेटवर हात ठेवला आणि ‘माझा’ म्हटलं. चालवायचा धनराज, पण चावी गोटुलातल्या खुंटीला. ज्याला लागेल त्याने धनराजला हाक मारावी, विचारायचं कोणाला नाही.

मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा आटोपली आणि त्याच आठवड्यात गावात अल्ताफ आला. वरोऱ्याचा पोरगा, वय पंचविशीच्या आतलं. बाप तिथल्या बाजारात कापसाच्या पोत्यांना टाके घालणारा. अल्ताफ पदवी घेऊन वर्षभर बसून होता आणि आता ठेक्यावर या कामाला लागला होता. काम असं की, प्रत्येक गावाचा विकास शंभरापैकी किती, ते काढायचं. घरोघर जाऊन टॅबवर प्रश्न विचारायचे, हो किंवा नाही दाबायचं, पुढचं मशीन करतं. साठाच्या वर गेलं ते गाव हिरवं, चाळिसाच्या खाली लाल, मधलं पिवळं. गोंडी त्याला येत नव्हती, म्हणून ग्रामसभेची सचिव रीना हलामी हिने लटारूला सोबत दिलं. फॉर्मवर त्याचं नावही आलं, स्थानिक माहितीदार म्हणून.

लटारूला हे काम फार आवडलं. आजवर त्याने पानं मोजली, सांबरं मोजली, माणसं मोजली, पण अख्खं गाव एका आकड्यात बसतं हे नवीनच होतं. पळसाखाली भाकर खाताना त्याने अल्ताफला खोदून खोदून विचारलं. अल्ताफ म्हणाला, काकाजी, गावांचंच काय घेऊन बसलात, देशांचं पण असंच होते. कोणाचा देश किती पुढं गेला, कोणाची ताकद किती, कोण जगाशी किती जोडलेला, सगळ्याचे आकडे निघतात. एकशे नव्वदावर देश एका रांगेत लावतात. मग आपला कितवा, लटारूने विचारलं. माणसांच्या जगण्याचं मोजलं तर एकशे तीसच्या आसपास, असं अल्ताफ म्हणाला. लटारूने बराच वेळ भाकर चावली. मग विचारलं की तिकडून मोजणारा येतो तेव्हा त्याच्यासोबत दुभाष्या कोण असतो? अल्ताफ हसला, म्हणाला, ते येत नाहीत काकाजी, कागदावरूनच करतात. लटारूला ते पटलं नाही. मोजायचं तर पायाने गेलं पाहिजे, असं त्याचं मत.

पहिल्याच घरात ट्रॅक्टरचा प्रश्न आला. कुटुंबाकडे ट्रॅक्टर आहे का? म्हातारी म्हणाली, आहे. लटारूने सांगितलं, हाय. अल्ताफने हो दाबलं. दुसऱ्या घरात हो, तिसऱ्या घरात हो. टीव्ही हो, कांडायचं मशीन हो. आठव्या घराशी अल्ताफ थांबला. पोरगा काही डोळे मिटून काम करणारा नव्हता. तो म्हणाला, काकाजी, गावात मला एकच ट्रॅक्टर दिसला.

“एकच हाय,” लटारू म्हणाला. “पन मले सांगा, तो कोनत्या घरचा नाई?”

अल्ताफने त्याला समजावून पाहिलं की इथे सामूहिक असं लिहायला जागाच नाही, हो किंवा नाही एवढंच आहे, मग नाही दाबू का? लटारू तडकला. नाही कसं दाबता, म्हणाला. या बाईने स्वतः हात ठेवलाय त्याच्यावर, तिच्या पानांचा आहे तो. नाही म्हणजे खोटं, आणि माझ्या मोजणीत खोटं चालणार नाही. अल्ताफने टॅबकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं. अजून अकरा गावं बाकी होती. त्याने हो दाबलं आणि पुढे शेहेचाळीसच्या शेहेचाळीस घरांत हो दाबत गेला. लटारूच्या स्वतःच्या घरातसुद्धा.

मे महिन्यात यादी आली. इरुकमेटा शंभरापैकी एकाहत्तर! तालुक्यात दुसरं, ठळक हिरवं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कागद चिकटवला तेव्हा लटारूने तो शेजारच्या गावच्या लोकांना बोट ठेवून दाखवला. फळीवर पुडके मोजताना दोन-चार दिवस त्याचा आवाजच चढा होता.

आणि त्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी गाडी आली तेव्हा नर्सने स्वातीच्या हातावर महिनाभराच्या गोळ्या एकदम ठेवल्या. तिला वाईट वाटत होतं, ती सारखी पेटीच उचकत होती. म्हणाली, पुढच्या महिन्यापासून गाडी लाल गावांना जाईल, हिरव्या गावांचं बंद झालं. स्वातीने दवाखान्यात येऊन गोळ्या न्याव्यात. बावीस किलोमीटर! धडधाकट माणसाला ती चाल आहे. जिला अंगणातल्या हापशापर्यंत जाताना दोनदा बसावं लागतं, तिला ‘येऊन न्या’ म्हणणं ही कुठली रीत? पण नर्स तरी काय करणार, तिला आलेलं पत्र ती वाचून दाखवत होती.

रीना हुशार पोरगी. तिने यादीखालची बारीक अक्षरं वाचली. यादी प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत आक्षेप घेता येत होता. त्याला एक कागद लागायचा आणि त्यावर स्थानिक माहितीदाराची सही: मी दिलेली माहिती चुकीची होती, कुटुंबांकडे ट्रॅक्टर नाही. रीनाने गोटुलात सभा बोलावली. लोक तयार होते. स्वातीसाठी काय नाही करणार? एक म्हातारा तर म्हणाला, ट्रॅक्टर माझा नाही असं मी देवासमोर म्हणतो, दंडाचे शेहेचाळीस कोंबडे एकदम कापू आणि गावजेवण करू. लोक हसले. सगळ्यांनी लटारूकडे पाहिलं. सही त्याची हवी होती.

लटारू नाही म्हणाला.

रीनाने समजावलं, धनराजने समजावलं. त्याचं एकच पालुपद. मी काय चुकीचं सांगतलं ते दाखवा. ट्रॅक्टर नाही आहे का? तुमचा नाही आहे का? हात ठेवला नव्हता का? चूक त्या मशीनची, तिच्यात आमच्या गावाला जागा नाही, मग तिने चुकले म्हणून लिहावं. मी काऊन लिहू? लोक एकेक करून उठायला लागले, कारण तो बोलत होता ते खरं होतं. खरं होतं हेच तर नडलं. खोटा माणूस असता तर दोन मिनिटांत अंगठा देऊन मोकळा झाला असता.

त्या संध्याकाळी स्वाती चुलीपाशी बसली होती. तिने मान वर न करता विचारलं.

“बा, एक सही तं हाय.”

“सही नाई ते,” लटारू म्हणाला. “मी जिंदगीभर चुकीचं मोजलो, असं लिहून देनं हाय.”

 स्वातीने तव्यावरची भाकर उलटली. सुकरी मात्र त्याच्याशी चार दिवस बोलली नाही, ताट समोर ठेवायची आणि निघून जायची. लटारूला ते लागत होतं. पण हट्टी माणसाचं असं असतं की, तो आतून हलतो तेव्हा वरून आणखी घट्ट होतो. शिवाय दिवस होते. ग्रामपंचायतीत कागद चिकटवला त्या दिवसापासून तो रोज सकाळी भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढायचा. कोणी विषय काढला की म्हणायचा, अजून सतरा दिवस आहेत. अजून बारा आहेत. जणू दिवस त्याच्या खिशात होते.

चोविसाव्या रेघेच्या दिवशी स्वातीला कळ आली. फार मोठी नव्हती, तशी नेहमीची. लटारू दुपारी रानातून आला तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि पाठ थरथरत होती. तो उंबऱ्यात उभा राहिला. पोरीला कळलं की बाप आला, तशी ती थरथर तिने दाबून धरली. ते त्याच्याने पाहवलं नाही. तो तसाच मागे फिरला आणि तळ्याच्या पाळीवर जाऊन बसला.  सव्विसाव्या दिवशी रीनाच्या दारात जाऊन म्हणाला, लिही, काय लिहायचं ते लिही. रीनाने कागद भरला. त्याने सही केली आणि नावातला शेवटचा रू ओळीच्या खाली घसरला.

अठ्ठाविसाव्या दिवशी पहाटेच निघून तो फाट्यापर्यंत चालत गेला, तिथून एसटीने तालुक्याला. कचेरीतला बाबू भला होता. त्याने कागद घेतला, पाणी दिलं, संगणकात पाहिलं आणि म्हणाला, बाबाजी, मुदत तर संपली, आठवड्यावर झाला. लटारू शांतपणे म्हणाला, नाही संपली, आज अठ्ठाविसावा आहे. बाबूने यादीवरची तारीख दाखवली. यादी ज्या दिवशी निघाली त्या दिवसापासून तीस दिवस. इरुकमेट्याच्या भिंतीवर ती दहा दिवसांनी चिकटली होती. ते दहा दिवस ती कुठल्याशा गठ्ठ्यात पडून होती, कोणाच्या ते कोणालाच माहीत नव्हतं. लटारूने बोटांवर पुन्हा मोजलं. मग पुन्हा. बाबूने कागदावर शिक्का मारून तो ठेवून घेतला, वर पाठवतो म्हणाला, आणि सांगितलं की फेरमोजणी हिवाळ्यात होईल, तेव्हा बदल होईल. आता पोर्टलच बंद आहे, माझ्या हातात काही नाही.

घरी आला तेव्हा दिवस मावळायला आला होता. स्वाती अंगणात बसली होती. तिने विचारलं, झालं काम? तो नाही म्हणाला. त्याला वाटलं आता ती काहीतरी बोलेल, आणि बोलली तर बरं होईल. ती म्हणाली, जाऊ द्या बा, हातपाय धुवा. त्याने हातपाय धुतले. नंतर त्याने भिंतीवरच्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या, पण मातीच्या भिंतीवर कोळसा पसरला आणि आणखी मोठा डाग पडला.

जून-जुलै कसे तरी गेले. गोळ्या आणायला कधी धनराज जायचा, कधी रीना. एकदा दवाखान्यात गोळ्याच नव्हत्या, दोन आठवड्यांनी या म्हणाले. पाऊस लागला तो लागलाच. पोळ्याच्या चार दिवस आधी सकाळी स्वातीला कळ आली आणि या वेळी ती ओरडली. माहेरी आल्यापासूनच्या चार वर्षांत ती पहिल्यांदा ओरडली. सुकरी धावली तर पोरीचे डोळे हळदीसारखे आणि श्वास वरच्या वर.

रीनाने टेकडीवर चढून फोन लावला, कारण गावात रेंज मिळत नाही. अँब्युलन्स यायला तयार होती, पण रपट्यावर पाणी होतं. त्यांनी सांगितलं, आम्ही नाल्याच्या पलीकडे उभे राहतो, तुम्ही पोरीला अलीकडून आणा. तेरा किलोमीटर. कोणी कोणाला विचारलं नाही. धनराजने ट्रॉली जोडली, बायांनी तणस पसरलं, त्यावर वाकळा टाकल्या, वर ताडपत्री धरली. सुकरीने डोकं मांडीवर घेतलं, लटारूने पाय धरले, आणि ट्रॅक्टर निघाला.

ट्रॅक्टर काय माणसं न्यायला असतो? तो बांबू न्यायला असतो, धानाची पोती न्यायला असतो. त्या रस्त्यावर खड्ड्याला खड्डा लागून, आणि प्रत्येक खड्डा स्वातीच्या हाडांत जाऊन बसत होता. आधी ती म्हणाली, हळू. धनराजने हळू केलं. मग म्हणाली, लवकर. त्याने लवकर केलं. धनराज रडत होता आणि पावसाने त्याचं तोंड असंही भिजलेलं होतं. मग ती काहीच म्हणेनाशी झाली.

लटारू तिचे श्वास मोजत होता. दुसरं काही त्याला येतच नव्हतं. उंदी, रंड, मुंड... सातापर्यंत गोंडीत मोजायचा आणि पुढे न जाता पुन्हा उंदीवर यायचा. आठावर गेलो तर काहीतरी होईल, अशी कसली तरी भीती त्याच्या मनात बसली होती. मोहाच्या बनाजवळ एकदा ट्रॉली मोठी आदळली. तो पाचावर होता. सहाची वाट बघत तो बसून राहिला.

नाला आला. धनराजने पाण्यात ट्रॅक्टर घातला, मोठ्या चाकाच्या अर्ध्यापर्यंत पाणी लागलं, पण तो पार गेला. पलीकडे अँब्युलन्स सांगितल्याप्रमाणे उभी होती. तिच्यातला माणूस छत्री घेऊन धावत आला, त्याने स्वातीचा हात धरला, गळ्यापाशी बोटं लावली, डोळ्यात बॅटरी मारली. मग छत्री सुकरीच्या डोक्यावर धरून तो तसाच उभा राहिला. लटारूने अजून पाय सोडले नव्हते.

गावाने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. द्यायला हवा होता, असं त्याला वाटायचं. एकदा तो रीनाला म्हणाला, सव्विसाव्या दिवशी नाही, पहिल्याच दिवशी सही केली असती तर? रीना खोटं बोलली नाही. ती म्हणाली, तं गाडी आली असती काका. पुढच्या हंगामासाठी तेंदूचा हिशेब ठेवणारा मुनशी फळीवर बोलवायला आला तेव्हा लटारूने डोळे कमी झाल्याचं सांगितलं. डोळे त्याचे चांगले होते.

जानेवारीत फेरमोजणीला अल्ताफच आला. थंडीने नाक लाल झालेलं, पण पोरगा खुशीत होता. गावात शिरल्या शिरल्या त्याने लटारूचा हात धरून सांगितलं, काकाजी, तुमच्या कागदाचं काम झालं. नवीन फॉर्ममध्ये तिसरा पर्याय टाकलाय, सामूहिक. तुमच्या गावामुळे टाकलाय, वरून सांगितलं आम्हाला. लटारू म्हणाला, बरं झालं. रीनाने अल्ताफला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, पण ती त्या दिवशी तालुक्याला गेली होती. अल्ताफ म्हणाला, सुरुवात तुमच्याच घरापासून करू, आणि अंगणात खाटेवर बसला. सुकरी उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिला मराठी कळायची नाही.

ट्रॅक्टर? सामूहिक. टीव्ही? सामूहिक. अल्ताफने मोठ्या हौसेने तिसरं बटण दाबलं.

“घरात माणसं? मागच्या वेळी तीन आहेत.”

“दोन.”

“ताई सासरी गेल्या?”

“नाई,” लटारू म्हणाला.

अल्ताफने वर पाहिलं. लटारूचा चेहरा पाहिला, उंबऱ्यातल्या बाईचा पाहिला. त्याचं बोट काचेवर तसंच राहिलं. मग तो टॅब मिटायला लागला. लटारूने त्याचा हात धरला. काम अर्धं सोडू नका, म्हणाला, पुढचं विचारा. अल्ताफने मान हलवली. लटारू म्हणाला, विचारा.

“घरात जुनाट आजारी व्यक्ती आहे का?” अल्ताफ जवळजवळ पुटपुटला.

“नाई.”

बटण दाबलं तसा टॅबवर घराचा शंभरापैकीचा आकडा फिरला. आजाराच्या ओळीत मागच्या वर्षी तांबडा ठिपका होता, तो हिरवा झाला. अल्ताफने पडदा पोटाशी धरला, पण लटारूचे डोळे चांगले होते.

“किती वाढले?”

“जाऊ द्या ना काकाजी.”

“आकडा सांगा.”

“चार,” अल्ताफ म्हणाला, आणि खाली मान घालून बसला.

सुकरीने सुपातला हात थांबवला. तिने गोंडीत विचारलं, काय म्हणतोय तो पोरगा, असा रडवेला का झाला?

 लटारू गोंडीत म्हणाला, तहान लागली म्हणतो.

सुकरीने सूप खाली ठेवलं आणि ती पाणी आणायला आत गेली.